पहाटे पाचची गर्दी

कार्यालयात त्यांना चौकोनकाका म्हणत. तोंडावर ‘सर’, आणि पाठ वळली की चौकोनकाका. हे नाव ज्याने ठेवले तो कधीच नोकरी सोडून गेला होता. नाव मात्र इमारतीतल्या जुन्या कपाटांसारखे जागच्या जागी राहिले. वय बावन्न, धंद्यात सव्वीस वर्षे, पद सॉफ्टवेअर आर्किटेक्ट. कोणतीही अडचण समोर आली की ते उठून फळ्यापाशी जात आणि खिशातून स्वतःचा निळा मार्कर काढत. कार्यालयातले मार्कर सदैव वाळलेले असतात, ही त्यांची कायमची तक्रार होती. मग ते एक चौकोन काढत, मग दुसरा, आणि मग दोघांना जोडणारा बाण. या तिसऱ्या पायरीपर्यंत बहुतेकांना सगळे समजल्यासारखे वाटे. पुढे कोणाला काय समजले, हे सहसा वर्षभराने कळे आणि तेव्हा काकांच्या डोक्याला ताप होई.

आपण नेमके काय करतो, हे त्यांना आजवर कोणालाही पटवून देता आलेले नव्हते. सर्वांत कठीण श्रोता म्हणजे त्यांची थोरली बहीण. ताई एका मोठ्या रुग्णालयात बत्तीस खाटांच्या वॉर्डाची मुख्य परिचारिका होती.

“प्रोग्राम तू लिहीत नाहीस,” ती बोटांवर मोजत म्हणे, “चालवत नाहीस, बिघडला तर दुरुस्तही करत नाहीस. मग शहाण्या, तू करतोस काय?”

“मी ठरवतो.”

“काय ठरवतोस?”

“कुठली गोष्ट कुठे असावी ते.”

“म्हणजे आमच्या वॉर्डबॉयसारखं. फक्त तो उचलून ठेवतोसुद्धा.”

यावर भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्यावरून नजर न काढता हसत. काका मात्र हसत नसत, कारण या विनोदाला वीस वर्षे झाली होती आणि त्याचे उत्तर त्यांना अजून सुचलेले नव्हते.

योगायोग असा, की ताईच्या रुग्णालयात रक्ताच्या नमुन्यांसाठी जी यंत्रणा चार वर्षांपासून चालू होती, ती काकांच्याच कंपनीची होती आणि तिची आखणी काकांनीच केलेली होती. काम दिसायला साधे. वॉर्डात रुग्णाचे रक्त घेतात, ते काचेच्या नळीत भरतात आणि नळीवर चिकटवायचे लेबल वॉर्डातल्या छोट्या प्रिंटरवर छापतात. लेबलावर रुग्णाचे नाव असते आणि एक क्रमांक. नळी तपासणीला गेली की पुढे सगळे त्या क्रमांकावर चालते. अहवाल त्याच क्रमांकाने परत येतो. म्हणजे लेबल चुकले की माणूस चुकला. हे काकांना पक्के ठाऊक असल्यामुळे त्यांनी पहिल्याच महिन्यात एक नियम घालून दिला होता: क्रमांक नेहमी एकाच ठिकाणाहून मिळेल. प्रत्येक लेबलासाठी वॉर्डातला प्रिंटर मुख्य संगणकाला विचारणार, मुख्य संगणक पुढचा क्रमांक देणार आणि मगच लेबल छापले जाणार. दोघांना एकच क्रमांक मिळण्याची शक्यताच नाही. चौकोन एक, बाण पुष्कळ. दिसायला देखणे चित्र होते ते.

शुक्रवारी दुपारी साहेबांनी, म्हणजे त्यांच्या विभागप्रमुखांनी, सहीसाठी एक कागद पाठवला. रुग्णालयाच्या वॉर्ड क्रमांक सातमध्ये खाट अकरा आणि खाट एकोणीस यांच्या लेबलांची अदलाबदल झाली होती. चौकशीच्या छापील नमुन्यात कारणासाठी दोन चौकटी होत्या: ‘यंत्रणेतील दोष’ आणि ‘वापरकर्त्याची चूक’. काकांच्या चमूने दुसऱ्या चौकटीत बरोबरची खूण करून कागद तयार ठेवला होता. खाली एक ओळ होती: ‘लेबले नियमाविरुद्ध आगाऊ छापण्यात आली.’ बुधवारपर्यंत सही हवी होती. कागदावर कोणाचे नाव नव्हते; पण सात क्रमांकाचा वॉर्ड ताईचा आहे, हे काकांना कागदाने सांगायची गरज नव्हती.

रविवारी बहिणीकडे जेवायला जाताना त्यांनी तो कागद बॅगेत घेतला आणि त्याविषयी अवाक्षरही काढायचे नाही असे ठरवले. ठरवणे हेच त्यांचे काम असल्यामुळे ते त्यांना सोपे गेले. निभावणे अवघड होते.

जेवणानंतर ताई म्हणाली, “चहा टाकतेय. साखरेचा डबा दे रे तो वरचा.”

काकांनी डबा खाली घेतला आणि घेतला तसाच हातात धरून उभे राहिले. डब्यावर एक पांढरे लेबल चिकटवलेले होते, वर ताईच्या टपोऱ्या अक्षरात ‘साखर’ आणि अक्षरांखाली फिकट, काळ्या रेघांच्या पट्टीशेजारी, चौदा आकडी क्रमांक. पहिले चार आकडे वाचताच तो क्रमांक कोणाचा हे त्यांनी ओळखले. स्वतःच्या मुलाचा चेहरा गर्दीत ओळखावा तसे. त्यांनी मान वर केली. मीठ, हळद, चहापत्ती, तांदूळ, खायचा सोडा. फळीवरच्या प्रत्येक डब्यावर त्यांची यंत्रणा चिकटवलेली होती.

“ताई, ही लेबलं कुठून आणलीस?”

“वॉर्डातली. उरतात ती. नाव कात्रीनं कापून आणते, अक्कल आहे मला.”

“उरतात कशी? रक्त घेताना मागितल्याशिवाय लेबल छापलंच जात नाही.”

ताईने गॅस बारीक केला. “अरे, कोण मागत बसतंय रक्त घेताना? पहाटे पाचलाच सगळ्यांची छापून ठेवतो आम्ही. गठ्ठा करायचा, खाटांच्या क्रमानं लावायचा, रबर लावून खिशात. सकाळी ज्याचं रक्त घ्यायचं नाही त्याचं लेबल उरतं.”

“पण असं करायचं नाही, हे सांगितलंय तुम्हाला!”

“कोणी सांगितलंय?”

“नियमच आहे तसा.”

“मग त्या नियमाला सकाळी सात वाजता आमच्या वॉर्डात पाठव,” ताई म्हणाली. “एक लेबल यायला पाऊण मिनिट लागतं. बत्तीस खाटा. पावणेआठला नळ्या खाली पोहोचल्या नाहीत तर डॉक्टर राउंडला येऊन विचारणार, रिपोर्ट कुठायत. एका हातात सुई, दुसऱ्या हातात माणसाचा दंड, आणि तुझा प्रिंटर विचार करतोय! तीनदा तक्रार नोंदवली मी.”

“मग? उत्तर आलं असेल ना?”

“आलं की. तिन्ही वेळा एकच. ‘यंत्रणा अपेक्षेप्रमाणे चालू आहे.’”

भावोजींनी पहिल्यांदाच शब्दकोड्यातून डोके वर काढले. “अपेक्षा कोणाची होती पण?”

काकांना त्यांचा राग आला. बरोबर प्रश्न विचारणाऱ्या तिऱ्हाईताचा येतो तसा.

मग ताईनेच सगळे सांगितले. अकराच्या खाटेवरच्या आजोबांना सकाळी सहाला एकोणीसवर हलवले आणि एकोणीसच्या रुग्णाला अकरावर, कारण आजोबांना खिडकी हवी होती. खिशातला गठ्ठा पाचच्या क्रमाने लावलेला. ड्युटीवरच्या परिचारिकेने रक्त घेताना नाव विचारले, पण आजोबांना ऐकू कमी येते. कोणतेही नाव घेतले तरी ते मान हलवतात. दुसरा रुग्ण अर्धवट झोपेत ‘हो’ म्हणाला. अहवाल आला तेव्हा, ज्यांना रक्त चढवायचे होते त्या आजोबांचे हिमोग्लोबिन पहिलवानासारखे निघाले. ताईच्या लगेच लक्षात आले. तिने दोघांचे रक्त पुन्हा घेतले, स्वतःच्या हाताने लेबल लावले आणि स्वतःच वर कळवले.

“मीच पकडलं, मीच कळवलं, आणि हे बघ मलाच काय आलंय.” तिने फ्रिजवरून एक पाकीट काढून टेबलावर टाकले. कारणे दाखवा नोटीस होती. आगाऊ लेबले छापण्याची पद्धत वॉर्डात का चालू दिली, याचा खुलासा करावा. कंपनीचा चौकशी अहवाल आल्यानंतर नोंद सेवापुस्तकात घेण्याचा निर्णय होईल. “पस्तीस वर्षं झाली. एक शेरा नाही माझ्या पुस्तकात. निवृत्तीला वीस महिने उरलेत. तुमच्या कंपनीचा अहवाल कोण लिहितं रे?”

काकांनी बॅगेकडे पाहिले नाही. “असतं कोणीतरी,” ते म्हणाले.

“त्याला सांग, एकदा येऊन बघ म्हणावं.”

सोमवारी सकाळी सातला काका रुग्णालयाची रीतसर परवानगी घेऊन वॉर्डात उभे होते. चार वर्षांत यंत्रणा चालू असताना ते तिथे पहिल्यांदा येत होते. याचे त्यांना आश्चर्य वाटले, मग लाज वाटली, आणि मग, लाज फार वेळ धरून ठेवण्याची सवय नसल्यामुळे, त्यांची चिडचिड सुरू झाली. प्रिंटर कपाटाच्या कोपऱ्यात, कापसाच्या गठ्ठ्यामागे होता. त्यांच्या चित्रात तो खाटेशेजारी होता. खाटेपासून कपाटापर्यंत तेवीस पावले भरली.

“तुम्ही प्रिंटरवाले का?” एका परिचारिकेने विचारले.

“तसंच काहीसं.”

“मग याला लाथ घालायची का थोपटायचं, तेवढं सांगून जा. आम्ही दोन्ही करून बघितलं.”

त्यांनी तिला एक लेबल तिथल्या तिथे मागायला सांगितले आणि घड्याळ लावले. सत्तेचाळीस सेकंद. दुसरे, एक्केचाळीस. तिसरे, बावन्न. त्या बावन्न सेकंदांत परिचारिकेने नळी हातात धरून त्यांच्याकडे ज्या शांतपणे पाहिले, तसे त्यांच्याकडे कोणत्याही बैठकीत कोणी पाहिले नव्हते.

कार्यालयात पोहोचताच त्यांनी चमूच्या प्रमुख प्रोग्रामरला बोलावले. ही चौतिशीची बाई, हुशार, आणि वादात कधी हार न जाणारी. म्हणून सगळे तिला वकीलीणबाई म्हणत. चौकशीच्या कागदावर खूण करणारीही तीच होती.

“नियम क्रमांक एक मोडायचाय,” काका म्हणाले.

इमारतीचा एखादा खांब काढून टाकू या, असे कोणी सुचवावे तसा तिचा चेहरा झाला. “सर, तो तुमचा नियम आहे.”

“माझा आहे म्हणूनच मोडायचा म्हणतोय. तेव्हा एक रुग्णालय होतं, दोन वॉर्ड होते. मी म्हटलं होतं, तूर्त असं करू, पुढं वाढलं की बदलू.”

“‘तूर्त’ कुठं लिहिलंय?”

“लिहिलं नसेल. बोललो होतो.”

“कोणापुढं?”

काकांनी आठवून पाहिले. त्या बैठकीला पाच जण होते. तिघे नोकरी सोडून गेले होते, एक परदेशी शाखेत होता, आणि पाचवे ते स्वतः.

“सर, तो नियम भिंतीवर लॅमिनेट करून लावलाय,” वकीलीणबाई म्हणाली. “तूर्तच्या गोष्टी कोणी लॅमिनेट करत नाही. मी कामाला लागले तेव्हा पहिल्या दिवशी मला तोच दाखवला होता. आम्ही चार वर्षं त्याचं डोळ्यांत तेल घालून रक्षण केलंय. दोनदा लोकांनी बदलायला सुचवलं, दोन्ही वेळा मीच हाणून पाडलं. तुमच्या नावानं.”

आपल्या नावाने कोणी आपल्याशी भांडावे, यासारखा वैताग नाही. काकांनी निळा मार्कर उघडला, पण चौकोन काढायची इच्छा झाली नाही. त्यांनी झाकण पुन्हा लावले.

“हे बघ. बसच्या कंडक्टरला डेपोतून सकाळी तिकिटांचा गठ्ठा मिळतो की नाही? प्रत्येक तिकिटासाठी तो डेपोत फोन करत नाही. तसा प्रत्येक वॉर्डाला आधीच पाचशे क्रमांकांचा गठ्ठा देऊन टाकू. लेबल तिथल्या तिथे, एका सेकंदात. गठ्ठे वेगवेगळे, त्यामुळं क्रमांक दोनदा येणार नाही.”

“सुचायला सोपं आहे. पण अकरा ठिकाणी आपण धरून चाललोय, की मोठा क्रमांक म्हणजे नंतरचा नमुना. गठ्ठे दिले की तो क्रम गेला.”

“असं धरायला कोणी सांगितलं?”

“तुमच्या चित्रानं.”

काकांनी कपाळाला हात लावला. “किती दिवस?”

“तीन आठवडे. आणि पुढच्या सोमवारी आपण आणखी सहा रुग्णालयांत जातोय. साहेबांनी तारीख जाहीर केलीय.” मग ती थोडी नरमली. “सर, खरं सांगू? एका वॉर्डात बेशिस्त झाली म्हणून सगळं उलटंपालटं करायचं, हे मला पटत नाही. तो वॉर्ड कोणाचा आहे, तेही मला माहीत आहे.”

हे लागायचे तिथे लागले. काका उत्तर देणार होते, पण त्यांची नजर तिच्या मागच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर गेली. तिथे यंत्रणेच्या वापराचा आलेख चोवीस तास दिसत असे. सगळ्यांना पाठ झालेला आलेख होता तो. रात्रभर सपाट, पहाटे पाचला ताडासारखा उंच, साडेपाचला खाली, मग दिवसभर लहानमोठ्या टेकड्या.

त्या पहाटेच्या सुळक्यामुळे दोन वर्षांपूर्वी यंत्रणा धापा टाकू लागली होती. तेव्हा काकांनीच तोडगा काढला होता: पहाटे साडेचारला मुख्य संगणकाच्या जोडीला आणखी आठ संगणक आपोआप उभे करायचे आणि काम झाले की सहाला निजवायचे. कंपनीच्या वार्षिक संमेलनात त्यांनी ‘पहाटेची लाट कशी पेलली’ या विषयावर पाऊण तास भाषण दिले होते. टाळ्या झाल्या, एक काचेचे स्मृतिचिन्हही मिळाले. एका श्रोत्याने विचारले होते, “पण पहाटे पाचलाच एवढी गर्दी का होते?” आणि काका हसून म्हणाले होते, “रुग्णालयं लवकर उठतात.”

रक्त सातला घेतात. मग लेबल पाचला कशाला?

हा प्रश्न त्यांना तेव्हा पडला नव्हता, वकीलीणबाईला पडला नव्हता, टाळ्या वाजवणाऱ्या दोनशे माणसांपैकी एकालाच पडला होता, आणि त्याला त्यांनी हसून गप्प बसवले होते. गर्दी दिसली, गर्दी पेलली. ती कोणाची, कशापायी, हे विचारायला कोणी जिना उतरला नाही. उलट आठ संगणक सहाला निजवल्यामुळे पाचची वेळ सोपी झाली, सातची मात्र रखडलेलीच राहिली, आणि ज्यांनी आगाऊ छापायचे सोडून पाहिले असेल, तेही झक मारत पुन्हा पाचवर गेले असणार. आपली चूक आपणच अधिक सोयीची करून ठेवली होती, आणि तिच्यासाठी स्मृतिचिन्ह घेतले होते.

“एक काम कर,” काका सावकाश म्हणाले. “प्रत्येक वॉर्डात लेबल किती वाजता छापलं आणि नळी किती वाजता खाली स्वीकारली, यातलं अंतर काढ. दोन वर्षांचं.”

“ते आपण कधी बघितलंच नाही.”

“म्हणूनच.”

अर्ध्या तासाने वकीलीणबाई परत आली तेव्हा तिच्या तोंडाचे पाणी पळाले होते. “त्रेचाळीस वॉर्ड आहेत सर. एक्केचाळीस वॉर्ड आगाऊ छापतात. सगळे. रोज.”

मंगळवारी साहेबांच्या खोलीत काकांनी ते आकडे टेबलावर ठेवले. साहेब माणूस वाईट नव्हते. फक्त प्रत्येक कागदात ते आधी तारीख वाचत आणि मग मजकूर.

“सोमवारची तारीख जाहीर झालीय,” ते म्हणाले. “आणि तुमची बहीण त्या वॉर्डात आहे, हे लपून राहणार आहे का? लोक म्हणतील, भावानं सांभाळून घेतलं.”

“एक्केचाळीस वॉर्ड आहेत साहेब. मला इतक्या बहिणी नाहीत.”

“उरलेले दोन कोणते? ते पाळतात ना नियम?”

“एक नवाच आहे, रंगकाम चाललंय, अजून सुरू झालेला नाही. दुसरा डोळ्यांचा. तिथं रक्त फारसं घेतच नाहीत.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “आपण असं करू. सध्या सही करून टाका. ‘वापरकर्त्याची चूक’, आणि सोबत शेरा, की परिचारिकांना प्रशिक्षण द्यावं.”

“काय शिकवायचं? सत्तेचाळीस सेकंद उभं कसं राहायचं ते?”

“तुम्ही चिडू नका.”

“मी चिडलेलाच आहे. सव्वीस वर्षांत एकदाही नीट चिडलो नाही, ती चूक झाली.” हे वाक्य आपण बोललो याचे काकांनाच नवल वाटले. त्यांनी आवाज उतरवला. “एक माणूस नियम मोडतो तेव्हा त्याला विचारावं. सगळेच मोडतात तेव्हा नियमाला विचारावं. माझा नियम आहे, म्हणून मला विचारा. त्या बाईनं चूक पकडली नसती, तर आज चौकशी लेबलाची नसती, माणसाच्या मृत्यूची असती. आणि तिच्याच पुस्तकात शेरा मारला, की पुढची कोणीही पकडली तरी कळवणार नाही. नव्या सहा रुग्णालयांत हेच घेऊन जायचंय का?”

“वर मी तुमचं नाव सांगेन,” साहेब म्हणाले. ती धमकी नव्हती. नुसती माहिती होती.

“सांगा.”

त्यांनी तिथेच, साहेबांच्याच पेनाने, दुसऱ्या चौकटीतली खूण खोडली, पहिल्या चौकटीत नवी केली आणि खाली लिहिले: ‘क्रमांक एकाच ठिकाणाहून देण्याचा निर्णय माझा. तो दोन वॉर्डांपुरता होता. तसे मी लिहून ठेवले नाही.’ सही केली. आपण काही थोर केले असे त्यांना अजिबात वाटले नाही. एवढे तीन वाक्यांचे काम चार वर्षांपूर्वी पाच मिनिटांत झाले असते, याचाच त्यांना उबग आला होता.

त्याच आठवड्यात त्यांच्याकडून आणखी एक कागद यायचा होता. कंपनीत नव्याने आर्किटेक्ट झालेल्यांसाठी व्यावहारिक सूचना लिहून द्यायच्या होत्या. त्यांच्याकडे अठरा पानांचा मसुदा तयार होता. त्यात यंत्रणेचे भाग कसे पाडावेत, चित्रात रंग कोणते वापरावेत, इथवर सगळे होते. तो त्यांनी फेकला नाही, पण वर एक पान जोडले. त्यात लिहिले, की निर्णय घेतला की त्याच दिवशी खाली दोन ओळी लिहा, का घेतला आणि काय बदलले की मोडायचा; कारण तुम्ही विसराल, आणि तुमची माणसे तुमच्याहून निष्ठावान निघतील. वापर वाढलेला दिसला तर संगणक वाढवण्याआधी वापरणाऱ्याला गाठा. ‘अपेक्षेप्रमाणे चालू आहे’ म्हणून तक्रार बंद करणाऱ्याने अपेक्षा कोणाची ते लिहावे. आणि वर्षातून चार वेळा, जिथे आपले काम चालते तिथे, चालण्याच्या वेळी जाऊन उभे राहावे; कोणी काही विचारले तर उत्तर देण्याची घाई करू नये. सोमवारची तारीख नाइलाजाने पुढे ढकललेल्या साहेबांनी ते पान वाचून एवढेच विचारले, की याला क्रमांक घालता येतील का. काकांनी घातले नाहीत.

गुरुवारी दुपारी ताईचा फोन आला. नोटीस मागे घेतल्याचे पत्र तिला मिळाले होते. काकांनी खुर्चीत पाठ टेकली आणि कौतुकाची वाट पाहिली.

“पत्राबरोबर दुसरं परिपत्रकही आलंय,” ताई म्हणाली. “तुझ्या अहवालाचा दाखला देऊन. ‘आगाऊ लेबले छापण्याची धोकादायक पद्धत सर्व वॉर्डांत तात्काळ बंद करावी.’ उद्यापासून.”

“अगं, पण नवीन व्यवस्थेला तीन आठवडे लागतील!”

“ते तुझ्या अहवालात नव्हतं वाटतं?”

नव्हते. काकांनी डोळे मिटले. “पहाटेचे जादा संगणक आता नऊपर्यंत चालू ठेवलेत. सत्तेचाळीसचे एकोणतीस सेकंद झालेत.”

“वा! अठरा सेकंद मोकळे. आता त्यात मी काय काय करू!” मग तिचा आवाज बदलला, वॉर्डात ती ज्या आवाजात बोलत असावी तसा झाला. “हे बघ, माझी नोटीस गेली, बरं झालं. पण माझ्या पोरींना उद्या बत्तीस वेळा त्या कपाटापर्यंत जायचंय. तू ठरवलंस ना? मग तीन आठवडे सातला येऊन प्रिंटरपाशी तू उभा राहा. लेबल आलं की ज्याचं त्याला नेऊन दे. परवानगी मी काढते.”

“ताई, मला कार्यालय आहे.”

“नऊला सोडते.”

असे चौकोनकाका शुक्रवारपासून सात क्रमांकाच्या वॉर्डात लेबले पोहोचवू लागले. पहिल्या दिवशी त्यांनी प्रिंटर कपाटातून काढून चाकांच्या ट्रॉलीवर ठेवला आणि तेवीस पावलांची चार केली. त्यासाठी एक लांब वायर पुरली. दुसऱ्या दिवशी त्यांना कळले, की ‘नाव हेच ना?’ असे विचारायचे नसते, ‘तुमचं नाव सांगा’ असे म्हणायचे असते. आणि आपल्या पडद्यावर मात्र नाव आधीच भल्यामोठ्या अक्षरांत दिसते, ते वाचूनच सगळे विचारतात. त्यांनी ते वहीत टिपले. मंगळवारपर्यंत पाय इतके दुखू लागले, की कार्यालयातल्या बैठकीत ते फळ्याकडे जायचेच टाळू लागले. बैठका त्यामुळे लवकर संपू लागल्या.

बुधवारी वकीलीणबाईही आली. न सांगता, सव्वासातला, हातात वही घेऊन. तासभर ती नळ्यांबरोबर खालीवर फिरली आणि धापा टाकत परतली.

“सर, खाली तपासणीवाले क्रमांकानं यादी लावतच नाहीत! वॉर्डानं लावतात. मी विचारलं, क्रमांकाचा क्रम लागतो का तुम्हाला? ते म्हणाले, तो कशाला? तो रकानाच त्यांनी पडद्यावरून काढून टाकलाय. आपल्या अकरापैकी सात ठिकाणं अशीच आहेत. कोणाला नकोच होतं ते. तीन आठवडे नाही लागणार, दहा दिवसांत होईल. म्हणजे बघा, पहिल्यांदा आपण...”

“ते नंतर सांगा बाई,” पलीकडून ताई ओरडली. ती एकविसाव्या खाटेपाशी वाकली होती आणि तिच्या बोटांत भरलेली नळी होती. “एकवीसचं लेबल कुठाय? शहाण्या, हात चालव.”

प्रिंटर अजून विचार करत होता. काका आकडे मोजत उभे राहिले. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. लेबल बाहेर आले. त्यांनी ते फाडले, चार पावले टाकून खाटेपाशी गेले, पट्टीवरचे नाव अंगठ्याने झाकले आणि उशीवरच्या म्हाताऱ्या बाईंकडे वाकून, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत विचारले, “आजी, तुमचं नाव सांगा.”

आजींनी नाव सांगितले. काकांनी अंगठा काढून पाहिले. जुळले.

“लाव,” ताई म्हणाली. “आता बावीस.”